शिकाय

मार्चअखेर रजा बुडणार होती, म्हणून आले.
याहून मोठं कारण कुणी विचारलं नाही,
आणि माझ्याकडे नव्हतंही.

ला सोलेदाद गावात, मक्याच्या शेतांच्या तोंडाशी
पोरं काठ्या भाड्यानं देतात.
पाच केत्साल भाडं, पाच अनामत.
माझी काठी एका टोकाला कुरतडलेली,
कुत्र्यानं की आधीच्या पाहुण्यानं, कळलं नाही.

माझी सॅक उचलायला आली ती एलुविया.
एलुविया शिकाय.
कराडला आमची मावसभावंडं म्हणायची, शाळंत शिकाय जातो.
हे तिला स्पॅनिशमध्ये सांगायचा मी घाट घातला
आणि घाटातच अडकले.
ती उगाच हसली, पट्टा कपाळावर घेतला,
चालू लागली.

दोन पावलं वर, एक खाली.
भुसभुशीत काळी वाळू. डोंगर दर पावलाला म्हणतो,
बघ हं, अजून परत जाता येईल.
छातीत भाता, कानांत भाता,
आणि पुढे तिच्या पाठीवर
माझ्या दोन पॉवर बँका, चार लिटर पाणी,
न वाचलेली जाडजूड कादंबरी,
नुसत्या फोटोसाठी आणलेली लाल शाल.
शेवाळलेल्या झाडांच्या पट्ट्यात मी म्हटलं,
थोडं मी घेते.
वीस पावलं घेतलं.
एकविसाव्याला तिनं काही न बोलता
पट्टा माझ्या कपाळावरून काढला,
पेंगुळलेल्या मुलाच्या हातातून पेला काढून घ्यावा तसा.

तळ. संध्याकाळ. ढग आपल्या पायांखाली.
समोर फुएगो.
तो आधी नुसता दिसतो,
नारिंगी, गप्प.
मग उतारावरून घरंगळणारे निखारे.
मग आपण हातमोजे शोधायला लागतो,
आणि तेव्हा आवाज येतो.

एलुविया घेवडा ढवळत दुसऱ्या हातानं मोजत होती.
ऊनो, दोस, त्रेस...
नऊला माझ्या पोटात धडका बसला.
नेहमी नऊच?
"डोंगर जागा बदलत नाही, सेन्योरा."

मग, चुलीकडेच बघत,
"त्या वर्षी मोजायला कुणी बसलं नव्हतं.
रविवार होता, जेवणं चालली होती.
बहिणीचं घर शोधायला आम्ही खोरी घेऊन गेलो.
सगळं सपाट.
शाळेचं छप्पर तेवढं ओळखू आलं.
तिथून पावलं मोजत गेलो. चाळीस, मग डावीकडे."
मी विचारलं, मग?
तिनं पळी पुढे केली. "मीठ बघ."

मीठ बरोबर होतं.

पहाटे चारला शिखरावर निघालो, ती नाही.
"मी वर कधीच गेले नाही. मला पैसे इथपर्यंतचे."
तिच्या आवाजात तक्रार नव्हती,
बसथांबा सांगावा तसं सांगितलं.

वर वारा होता. आणखी वारा.
पंधरा माणसं एकमेकांच्या नाकाचे लाल शेंडे टिपत होती.
शाल मी काढलीच नाही.
उजाडताना फुएगो एकदा फुलला,
आणि माझी बोटं हातमोज्यांत आपोआप मोजू लागली.
नऊ झाले. काहीच नाही.
दहा. मग आला.
पुन्हा फुलला, पुन्हा दहा.
तळावर तिच्या चुलीचा धूर दिसत होता,
शिवणीतून सुटलेल्या दोऱ्याएवढा.

खाली येऊन तिला सांगितलं, वर दहा लागतात.
"दहा?"
तिनं भांडं घासायचं थांबवलं.
राखेनं माखलेल्या हाताचा आडोसा डोळ्यांवर धरून
शिखराकडे बराच वेळ बघत राहिली,
तिथे आजच कुणी राहायला आल्यासारखी.
"एक जास्त," ती स्वतःशीच म्हणाली.
मी ओल्या भांड्यावरून फडकं फिरवत राहिले.
पुढे काय बोलायचं ते मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

गावात पोरानं काठी उलटसुलट करून पाहिली,
कुरतडलेल्या टोकावर बोट ठेवून माझ्याकडे रोखून बघितलं,
आणि शेवटी, नाइलाजानं,
पाच केत्साल परत दिले.